गेम इंजिनमध्ये अडखळणारा व्हिडिओ

सेकंदाला ६० फ्रेम्सचा व्हिडिओ संगणकावरच्या साध्या प्लेयरमध्ये सुरळीत चालतो आणि तोच युनिटी, अनरिअल किंवा गोडो यांसारख्या गेम इंजिनमध्ये टाकला की अडखळू लागतो. खेळाच्या सुरुवातीची चित्रफीत असो, संग्रहालयातली भिंतभर प्रक्षेपणाची मांडणी असो किंवा आभासी वास्तवाच्या हेडसेटमधले ३६० अंशांचे दृश्य असो, तक्रार तीच असते: हालचाल तुटक दिसते. दोष एकसारखा दिसला तरी त्याची मुळे वेगवेगळ्या जागी असतात. व्हिडिओची फाइल, ती उलगडणारा डिकोडर, उलगडलेले चित्र ग्राफिक्स कार्डापर्यंत नेणारी वाट, इंजिनाचे स्वतःचे चक्र आणि शेवटी पडदा, यांपैकी कुठल्याही टप्प्यावर वेळ हुकली तरी डोळ्याला दिसते ते अडखळणेच. म्हणून दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. तीन-चार गोष्टी एकदम बदलून पाहिल्या आणि योगायोगाने फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे कधीच कळत नाही आणि दुसऱ्या संगणकावर दोष पुन्हा उभा राहतो.

साध्या प्लेयरपुढे एकच काम असते. उलगडलेली फ्रेम योग्य क्षणी पडद्यावर ठेवायची, बस. इंजिनात मात्र व्हिडिओ हा दृश्यातल्या एखाद्या पृष्ठभागावर चिकटवलेला टेक्स्चर असतो. इंजिन प्रत्येक चक्रात खेळाचे नियम चालवते, भौतिक हालचालींचे गणित करते, दिवे-सावल्या रंगवते आणि त्याच ओघात ‘आत्ता व्हिडिओची कोणती फ्रेम दाखवायची’ असे विचारते. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर या सगळ्याला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० असतील तर १६.७ आणि १२० असतील तर अवघे ८.३. कमी फ्रेम दराच्या व्हिडिओत दोन-चार मिलिसेकंदांची दिरंगाई लपून जाते, जास्त दरात ती लपत नाही.

पहिले काम निदानाचे. त्यासाठी प्रत्येक फ्रेमवर तिचा क्रमांक छापलेली चाचणी-फीत तयार करावी. एफएफएमपेग या मुक्त साधनातल्या ड्रॉटेक्स्ट फिल्टरने ती काही मिनिटांत होते. मूळ व्हिडिओचे रिझोल्यूशन, फ्रेम दर आणि कोडेक जसेच्या तसे ठेवावेत. ही फीत इंजिनात चालवून पडद्याचे चित्रण फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने करावे. सेकंदाला २४० फ्रेम्स टिपणारे फोन आता सहज मिळतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ६० फ्रेम्सची फीत नीट चालत असेल, तर त्या चित्रणात प्रत्येक क्रमांक सुमारे चार फ्रेम्स टिकलेला दिसतो. १७ नंतर एकदम १९ दिसला तर फ्रेम गळाली, १७ दुप्पट वेळ टिकला तर ती पुन्हा दाखवली गेली. खरी माहिती मिळते ती या चुकांच्या नक्षीतून. दर पाचवी फ्रेम नेमाने दुप्पट टिकत असेल तर व्हिडिओचा आणि पडद्याचा दर जुळत नाही. चुका मधूनच झुंडीने येत असतील तर डिस्क, डिकोडर किंवा स्मृतीची साफसफाई यांपैकी काहीतरी आडवे येत आहे. आणि एक फ्रेम दोनदा, लगेच पुढची गायब, पुन्हा एक दोनदा, पुढची गायब, अशी जोडी-जोडीने चूक होत असेल तर ते अगदी वेगळे दुखणे आहे. त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे. डोळ्यांनी नुसते पाहून हे तीन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. या चाचणीला जो कंटाळतो त्याचे पुढचे कित्येक तास वाया जातात.

त्यानंतर फाइल तपासावी. एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो यांपैकी कोणतेही साधन चालेल. पाहायचे ते इतकेच: फ्रेम दर स्थिर आहे की बदलता, तो नेमका किती आहे, कोडेक आणि त्याची पातळी कोणती आणि रंगाची खोली किती. मोबाइलवर चित्रित केलेल्या फायलींचा दर बहुधा बदलता असतो. उजेड कमी झाला की फोन स्वतःहून दर उतरवतो. साधा प्लेयर हे सांभाळून घेतो, इंजिन मात्र ठराविक दर गृहीत धरून चालले तर गोंधळते. अशी फाइल इंजिनात घेण्यापूर्वीच स्थिर दराने पुन्हा एन्कोड करावी. ‘६०’ म्हणून मिळालेली फाइल प्रत्यक्षात ५९.९४ ची असणे हेही नेहमीचेच. अमेरिकी रंगीत दूरदर्शनच्या जुन्या प्रमाणकातून आलेला हा आकडा म्हणजे ६०,००० भागिले १,००१.

एच.२६४ कोडेकच्या पातळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि उच्च फ्रेम दरात नेमकी तीच नडते. हा कोडेक चित्राचे १६ गुणिले १६ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि सेकंदाला असे जास्तीत जास्त किती चौकोन उलगडावे लागतील हे प्रत्येक पातळी ठरवून देते. फुल एचडी चित्रात ८,१६० चौकोन बसतात. ४.१ या पातळीची मर्यादा २,४५,७६० आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० फ्रेम्स. ६० फ्रेम्ससाठी ४.२ पातळी लागते आणि १२० फ्रेम्ससाठी ५.१, तीही अगदी काठोकाठ: ९,७९,२०० चौकोन हवेत आणि मर्यादा ९,८३,०४० आहे. ४के चित्रात ३२,४०० चौकोन असतात. त्यामुळे ४के आणि ६० फ्रेम्स हवे असतील तर ५.२ पातळीवाचून गत्यंतर नाही. एखाद्या जुन्या फोनचा किंवा टॅब्लेटचा डिकोडर ५.१ वर थांबत असेल, तर तिथे अशी फाइल एक तर उघडत नाही किंवा धापा टाकत चालते. तिथे इंजिनाची कितीही सेटिंग्ज बदलली तरी उपयोग होत नाही.

फाइल ठीक असेल तर ती कोण उलगडत आहे हे पाहावे. युनिटीचा व्हिडिओ प्लेयर घटक २०१७ मध्ये ५.६ या आवृत्तीबरोबर आला. तो उलगडण्याचे काम स्वतः करत नाही. विंडोजवर मीडिया फाउंडेशन, मॅकवर एव्हीफाउंडेशन आणि अँड्रॉइडवर मीडियाकोडेक या यंत्रणांकडे तो ते सोपवतो. या यंत्रणा शक्य असेल तर ग्राफिक्स चिपमधला खास डिकोडर वापरतात, नाहीतर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. विंडोज १० किंवा ११ च्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाखाली ‘व्हिडिओ डिकोड’ असा आलेख दिसतो. व्हिडिओ चालू असताना तो आलेख शून्यावर पडून असेल आणि प्रोसेसर तापत असेल, तर निदान झाले: काम हार्डवेअरकडे गेलेलेच नाही. १० बिट खोली किंवा रंगाचे पूर्ण नमुने असलेली एच.२६४ फाइल बहुतेक ग्राफिक्स चिप्स हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. संकलकाने उत्तम दर्जाची म्हणून दिलेली फाइल इंजिनात रखडते ती यामुळे. ८ बिट आणि ४:२:० हे साधे रूप घेतले की तीच फाइल पळू लागते.

पारदर्शक पार्श्वभूमीच्या व्हिडिओंची अडचण आणखी निराळी आहे. युनिटीत त्यासाठी व्हीपी८ कोडेकची वेबएम फाइल वापरतात आणि ती बहुतेक ठिकाणी प्रोसेसरवरच उलगडली जाते. ३० फ्रेम्सला ती चालून जाते, ६० ला फुल एचडी आकारात अनेक संगणक हात टेकतात. यावर एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. एच.२६४ च्या एकाच दुप्पट उंचीच्या चित्रात वरच्या अर्ध्यात रंग आणि खालच्या अर्ध्यात पारदर्शकतेचा काळा-पांढरा मुखवटा ठेवायचा आणि छोट्या शेडरने दोन्ही एकत्र करायचे. हार्डवेअर डिकोडर कामाला लागतो आणि पारदर्शकताही टिकते. गोडोमध्ये मात्र वाव कमी आहे. त्यात मूळ स्वरूपात फक्त ऑग थिओरा चालतो, तो प्रोसेसरवर उलगडला जातो, आणि चौथ्या आवृत्तीत वेबएमचा आधारही काढून टाकला गेला. उच्च दराचा मोठा व्हिडिओ हीच प्रकल्पाची मुख्य गरज असेल तर त्यासाठी गोडो निवडू नये, किंवा निदान बाहेरचे विस्तार आधी पारखून घ्यावेत.

उलगडलेल्या फ्रेमचे वजन हा यापुढचा मुद्दा. फाइल लहान असते म्हणून व्हिडिओ हलका वाटतो, पण उलगडल्यावर त्याचे खरे आकारमान समोर येते. ४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर एक फ्रेम ३३ एमबीची होते, आणि ६० फ्रेम्सना सेकंदाला जवळपास २ जीबी हलवावे लागतात. डिकोडर ज्या मूळ एनव्ही१२ रूपात चित्र देतो त्यात प्रत्येक बिंदूला दीडच बाइट लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ७५० एमबी. चित्र ग्राफिक्स कार्डातच उलगडले जाऊन तिथेच टेक्स्चर झाले तर ही वाहतूक जवळजवळ टळते. ते मुख्य स्मृतीत येऊन, रंगरूप बदलून परत कार्डात जात असेल तर प्रत्येक फ्रेममागे कित्येक मिलिसेकंद खर्ची पडतात. याहून घातक सवय म्हणजे व्हिडिओच्या टेक्स्चरमधले रंग वाचण्यासाठी दर चक्राला रीडपिक्सेल्ससारखी आज्ञा देणे. तिच्यासाठी ग्राफिक्स कार्डाचे चालू काम संपेपर्यंत प्रोसेसरला ताटकळत थांबावे लागते. वाचणे खरोखर गरजेचे असेल तर असिंक जीपीयू रीडबॅक वापरावा आणि उत्तर दोन-तीन चक्रे उशिरा मिळेल हे गृहीत धरावे.

ज्या मांडणीत एकाच वेळी अनेक मोठे व्हिडिओ चालवायचे असतात किंवा फीत मागे-पुढे सरकवायची असते, तिथे एच.२६४ ऐवजी हॅप या कोडेकचा विचार करावा. व्हिडव्हॉक्स या कंपनीच्या पुढाकाराने टॉम बटरवर्थ यांनी तो तयार केला. यात प्रत्येक फ्रेम ग्राफिक्स कार्डाला थेट समजणाऱ्या दाबलेल्या टेक्स्चरच्या रूपात साठवलेली असते, त्यामुळे प्रोसेसरला वरवरचे स्नॅपी संक्षेपण सोडवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. शिवाय प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम्स आजूबाजूच्या फ्रेम्सवर अवलंबून असतात, आणि एक्स२६४ एन्कोडर मूळ सेटिंगमध्ये दोन मुख्य फ्रेम्समध्ये २५० पर्यंत अंतर जाऊ देतो. ६० च्या दराने हे अंतर चार सेकंदांहून जास्त होते. मध्येच कुठे उडी मारली की डिकोडरला मागच्या मुख्य फ्रेमपासून सगळे उलगडत यावे लागते. हॅपला हा त्रास नाही.

किंमत मोजावी लागते ती डिस्कवर. साध्या हॅपमध्ये ४के फ्रेम स्नॅपीपूर्वी सुमारे ४ एमबीची भरते, म्हणजे ६० फ्रेम्सना सेकंदाला २५० एमबी आणि मिनिटाला १५ जीबी. जास्त दर्जाच्या हॅप क्यूमध्ये याच्या दुप्पट. एच.२६४ चे तेच मिनिट ५० मेगाबिटने एन्कोड केले तर ३७५ एमबीत बसते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबीच देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास थकते आणि एनव्हीएमई एसएसडी काही हजारांपर्यंत जाते. त्यामुळे हॅप अडखळत असेल तर प्रोसेसरकडे न पाहता आधी डिस्कचा वेग पाहावा. युनिटीसाठी केइजिरो ताकाहाशी यांचा क्लॅकहॅप हा मुक्त विस्तार उपलब्ध आहे. बहुतेक फोनच्या ग्राफिक्स चिप्सना हे टेक्स्चर समजत नाही, म्हणून हॅप हा मुख्यत्वे संगणकासाठीचा मार्ग आहे. अनरिअलमध्ये बिंक हा पर्याय आहे. तो बनवणारी रॅड गेम टूल्स ही कंपनी अनरिअलच्याच एपिक कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतली आणि तेव्हापासून तो इंजिनाबरोबरच मिळतो.

आता इंजिनाचे चक्र. इथली सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक अशी, की व्हिडिओ ६० चा असतो आणि इंजिन स्वतःच ३० ने चालत असते. अँड्रॉइड आणि आयओएसवर युनिटीचा मूळ लक्ष्य-दर ३० असतो. टार्गेट फ्रेम रेट ही किंमत हाताने ६० केल्याशिवाय निम्म्या फ्रेम्स दिसणारच नाहीत, डिकोडर कितीही चांगला असो. संगणकावर व्हीसिंक चालू असेल तर ही किंमत दुर्लक्षिली जाते आणि पडद्याचाच दर लागू होतो. दुसरी चूक म्हणजे एडिटरमधल्या कामगिरीवर विश्वास ठेवणे. एडिटर स्वतःच्या खिडक्या रंगवण्यात वेळ घालवतो आणि त्याच्या गेम खिडकीत व्हीसिंक बहुधा बंद असतो. चाचणी नेहमी तयार केलेल्या बिल्डवर, पूर्ण पडद्यावर करावी आणि प्रोफायलर त्या बिल्डलाच जोडावा. प्रोफायलरच्या आलेखात दर काही सेकंदांनी सुळका उठत असेल आणि तो स्मृतीच्या साफसफाईचा असेल, तर दर चक्राला नवी स्मृती मागणारा कोड शोधून काढावा.

व्हिडिओ प्लेयरच्या स्वतःच्या काही सेटिंग्जही समजून घ्याव्यात. ‘स्किप ऑन ड्रॉप’ चालू असेल तर मागे पडलेला व्हिडिओ फ्रेम्स गाळून वेळ गाठतो, बंद असेल तर एकही फ्रेम न गाळता हळूहळू मागे पडत जातो. आवाज असलेल्या फितीत ही सेटिंग चालूच ठेवावी. प्रत्येक फ्रेमला सूचना देणारी ‘फ्रेम रेडी’ सोय प्रोसेसरला महाग पडते, गरज नसेल तर बंद ठेवावी. आणि सुरुवातीचा झटका टाळण्यासाठी व्हिडिओ आधी ‘प्रिपेअर’ करून, तो तयार झाल्याची सूचना मिळाल्यावरच चालवावा.

एवढे सगळे ठीक असूनही जोडी-जोडीने येणारी ती चूक उरते. डिस्क निवांत आहे, डिकोडर निवांत आहे, इंजिन नेमाने ६० ने चालते आहे, तरी व्हिडिओ थरथरतो. याचे कारण दोन घड्याळांच्या नात्यात आहे. इंजिन प्रत्येक चक्रात व्हिडिओची वेळ वाचते आणि त्या क्षणी जी फ्रेम लागू असेल ती दाखवते. वाचण्याचा क्षण मात्र कधीच काटेकोर नसतो, तो एखादा मिलिसेकंद मागे-पुढे होतो. समजा, लोकल दर पाच मिनिटांनी सुटते आणि प्रवासीही दर पाच मिनिटांनी एक असे फलाटावर येतात. ते दोन गाड्यांच्या बरोबर मध्ये येत असतील तर अर्ध्या मिनिटाच्या फरकाने काहीच बिघडत नाही, प्रत्येक गाडीला एक प्रवासी मिळतो. ते गाडी सुटण्याच्या क्षणालाच येत असतील तर कोणी अर्धे मिनिट लवकर येऊन गाडी पकडतो, कोणी अर्धे मिनिट उशिरा येऊन पुढच्या गाडीत चढतो, आणि एक गाडी रिकामी, पुढचीत दोघे, असे होऊ लागते. व्हिडिओची वेळ वाचण्याचा क्षण फ्रेमच्या सीमेवर पडला की नेमके हेच घडते.

हा क्षण सीमेवर पडतो की मध्यावर, हे व्हिडिओ कोणत्या मिलिसेकंदाला सुरू झाला यावर ठरते. म्हणून तोच बिल्ड एकदा सुरळीत चालतो आणि बंद करून पुन्हा उघडला की थरथरतो. व्हिडिओ ५९.९४ चा आणि पडदा नेमका ६० चा असेल तर वाचण्याचा क्षण सीमेवरून हळूहळू सरकतो आणि सुमारे १६.७ सेकंदांनी परत सीमेवर येतो. तेव्हा थोडा वेळ थरथर होते आणि आपोआप थांबते. असे ठराविक काळाने येणारे-जाणारे दुखणे दिसले की डिस्क आणि डिकोडरचा संशय सोडून द्यावा.

उपाय दोन आहेत. पहिला, वाचण्याचा क्षण मुद्दाम अर्ध्या फ्रेमने सरकवून सीमेपासून दूर नेणे. हॅपसारख्या स्वतंत्र फ्रेम्सच्या कोडेकमध्ये वेळ थेट देता येते, त्यामुळे हे सहज जमते. युनिटीच्या मूळ प्लेयरमध्ये बाह्य संदर्भवेळ देण्याची सोय आहे, ती वापरून इंजिनाच्या गुळगुळीत केलेल्या घड्याळाशी व्हिडिओ बांधता येतो. दुसरा उपाय घड्याळ बाजूला ठेवण्याचा: पडद्याचा दर आणि व्हिडिओचा दर समान असतील तर प्रत्येक चक्राला फक्त पुढची फ्रेम घ्यायची. मूक, सतत फिरणाऱ्या फितीसाठी याहून चांगली पद्धत नाही. आवाज असेल तर सावध राहावे. पडदा ६० ऐवजी ५९.९५ हर्ट्झचा निघाला तर दहा मिनिटांत चित्र आणि आवाज यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडते, आणि मग आवाजाचा वेग किंचित बदलून तो जुळवत राहावे लागते.

शेवटचा टप्पा पडद्याचा. भारतात दूरचित्रवाणीचे प्रमाणक २५ फ्रेम्सचे होते आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. इथले अनेक कॅमेरे त्यामुळे २५ किंवा ५० फ्रेम्सवर लावलेले असतात, आणि दिव्यांची लुकलुक टाळायला ते योग्यही असते. पण संगणकाचे बहुतेक पडदे ६० हर्ट्झचे असतात. ५० फ्रेम्स ६० वेळांत बसवताना दर पाचातली एक फ्रेम दोनदा दाखवावीच लागते, आणि आडव्या सरकणाऱ्या दृश्यात तो धक्का स्पष्ट दिसतो. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६० फ्रेम्सचा व्हिडिओ दोन-तीन-दोन-तीन-दोन असा बसतो, ९० हर्ट्झच्या हेडसेटमध्ये एक-दोन-एक-दोन असा. हेडसेटमध्ये हा खडबडीतपणा जास्त जाणवतो, कारण डोके फिरवताना बाकीचे दृश्य पूर्ण ९० ने हलत असते. यावर कोडमध्ये उपाय शोधत बसू नये. पडद्याचा दर व्हिडिओच्या पटीत लावावा: ५० च्या फितीला ५० किंवा १०० हर्ट्झ, ६० च्या फितीला ६० किंवा १२०. ते शक्य नसेल तर चित्रीकरणाच्या आधीच पडद्याचा दर विचारून कॅमेरा त्यावर लावावा. मधल्या फ्रेम्स गणिताने तयार करणारी साधने आहेत, पण हातांच्या बोटांभोवती आणि वेगवान कडांभोवती त्यांची विकृती दिसते. चांगल्या चित्रणावर ती वापरू नयेत.

मांडणी सुपूर्द करण्यापूर्वी क्रमांकांची तीच चाचणी-फीत प्रत्यक्ष जागेवर, प्रत्यक्ष पडद्यावर, यंत्र पूर्ण तापेपर्यंत चालवावी. फोन आणि लहान संगणक गरम झाले की आपला वेग उतरवतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत न गळालेल्या फ्रेम्स तासाभराने गळू लागतात. फाइलचा नेमका दर, कोडेकची पातळी, पडद्याचा हर्ट्झ आणि तासाभरात गळालेल्या फ्रेम्सची संख्या हे चार आकडे प्रकल्पाच्या कागदांत लिहून ठेवावेत. पुढे पडदा किंवा ग्राफिक्स कार्ड बदलले गेले की शोध याच आकड्यांपासून सुरू करावा लागतो.